उसन्या टाळ्या

"या टाळ्या कोणाच्या रे?" मी आमचं रेकॉर्डिंग करणाऱ्या दीपेशला विचारलं.

सिद्धगडाखालच्या पाड्यावर आमच्या बँडने केलेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तो मला खर्डीतल्या त्याच्या खोलीत ऐकवत होता. आमचं संगीत इलेक्ट्रॉनिक. दोन सिंथेसायझर, एक ड्रम मशीन आणि माझा आवाज.

"दुसऱ्या शोच्या. वरून टाकल्या. पब्लिक लय थंड वाटत होती."

थंड! माझं डोकंच फिरलं. त्या पाड्यावर टाळ्या वाजवत नाहीत, गाणं आवडलं की कमरेला हात घालून फेर धरतात. तिसऱ्या गाण्यात लाईट गेली, सिंथ आणि ड्रम मशीन गप्प झालं आणि आम्ही स्टेजवर बावळटासारखे उभे राहिलो. तेव्हा फेरातून तानीमावशी ओरडली, "थांबू नको गो, आमी हाव ना!" साठ-सत्तर अनवाणी पायांनी तोच ठेका जमिनीवर धरून ठेवला आणि मी त्यावर गात राहिले. जनरेटर सुरू झाल्यावर आमच्या ड्रमवाल्यानं मशीन त्यांच्या ठेक्याला जुळवून घेतलं. दीपेशचा रेकॉर्डर बॅटरीवर होता, त्यात हे सगळं आलं होतं.

"मग ते पाय कुठे गेले?"

"नॉइज होता तो. साफ केला. लाईट गेलेला भाग पण काढला."

मी हेडफोन टेबलावर आपटले.

"चल, ऊठ. हे तानीमावशीला तूच ऐकवायचं, तिच्या ओटीवर बसून. आणि तिनं विचारलं ना, 'यात आमी कुठं हाव?', तर तिच्या तोंडावर सांग, नॉइज होता तो."