चार कडा

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना तुकडा आहे, तळहातात मावेल एवढा. माझ्यावर वॉल्ट ब्रॅनिगन नावाच्या बेसबॉल खेळाडूचे चित्र आहे. तो चेंडू फेकण्याच्या बेतात आहे आणि गेली सत्तर वर्षे त्याने तो फेकलेला नाही.

छापखान्यात आम्ही शंभर कार्डे एकाच मोठ्या पुठ्ठ्यावर होतो. पाते खाली आले आणि आम्ही वेगळे झालो. मग च्युइंगगमच्या वडीसोबत मला पाकिटात घातले. तिचा डाग अजून माझ्या पाठीवर आहे. आमची ती वर्षातली शेवटची खेप होती. खेळाचा हंगाम संपलेला, दुकानदार आम्हाला घेईनात. बहुतेक खोकी तशीच फेकून दिली गेली. पुढे जुनी कार्डे जमवणाऱ्यांत माझी किंमत वाढली ती त्या फेकलेल्यांमुळे. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

ओहायोतल्या डेटन गावात नऊ वर्षांच्या एमेटने मला पाच सेंटला घेतले. तिथली मुले कार्डे सायकलच्या चाकात अडकवत, म्हणजे ती मोटारसायकलसारखी फटफटत. माझे कितीतरी भाऊबंद असेच संपले.

"लाव की तुझा ब्रॅनिगन," मुले एमेटला चिडवत. "का लग्न करणार आहेस त्याच्याशी?"

एमेट हसे आणि मला सिगारच्या रिकाम्या डब्यात ठेवून देई. रोज बाहेर काढून बघे मात्र. माझे कोपरे झिजून गोल झाले ते त्याच्याच बोटांनी.

मोठेपणी तो घरोघरी भिंतींना शोभेचा कागद लावू लागला. कागद बसला की पोलादी पट्टी टेकवायची, नवे पाते घ्यायचे आणि जास्तीची कड एका दमात उडवायची. एमेटने लावलेल्या कागदाची कड बघावी, असे गावात म्हणत. त्याने व्हर्नाशी लग्न केले, डीलिया ही मुलगी झाली. माझा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला आणि मी पन्नास वर्षे अंधारात राहिलो.

पुढे व्हर्ना माणसांची नावे विसरू लागली, चुलीवरचे भांडे विसरू लागली. तिला तासभराच्या अंतरावर एका वृद्धाश्रमात ठेवावे लागले. तिथे ती रोज आपला कोट मागे आणि घरी जायचे म्हणे. एमेटला आता एकच हवे होते, तिला घरी आणणे. त्यासाठी दिवसरात्र परिचारिका ठेवावी लागणार होती. दूरच्या शहरात राहणाऱ्या डीलियाला माझी आठवण झाली. तिने पुस्तके वाचली, चार ठिकाणी चौकशी केली आणि वडिलांना फोनवर समजावून सांगितले. खेळाडू नावाजलेला, कार्डे थोडीच उरलेली, चित्र बरोबर मधोमध. सगळे जमेचे होते.

"फक्त कोपरे, बाबा. सगळं कोपऱ्यांवर असतं. ते टोकदार असते ना, तर आईला पाच वर्षं घरी ठेवता आलं असतं."

"बरं," एमेट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. पोलादी पट्टी काढली, नवे पाते लावले.

"हलू नकोस, वॉल्ट. दाढी करतोय समज."

ऐंशीला टेकलेला त्याचा हात जराही कापला नाही. चार बाजूंनी केसाएवढी कड निघाली आणि माझे कोपरे सुईसारखे झाले. त्याला कोणाला फसवायचे नव्हते. कड नीट करणे म्हणजे काम पुरे करणे, एवढेच त्याला आयुष्यभर ठाऊक होते. त्या दिवशी तो शीळ घालत होता.

जुनी कार्डे तपासून गुण देणारी एक कचेरी होती. तिथून मी दोन महिन्यांनी परत आलो. गुण नव्हते. चिठ्ठीवर एवढेच होते: कडा कापलेल्या. गावातल्या कार्डांच्या दुकानात म्हाताऱ्या स्टॅनलीने मला भिंगाखाली धरले आणि चारही कडा निरखल्या.

"झिजलेलं होतं तसंच पाठवायचं, एमेट. व्हर्नाची घरची दोन वर्षं तरी निघाली असती त्याच्यातून."

"मी नीट केलं ते."

"दिसतंय मला. नीट केलंस, म्हणूनच."

डाग चालतो, झीज चालते. त्यांनी किंमत कमी होते, जात नाही. पाते लागले की मात्र ती फसवणूक धरतात आणि सगळे संपते.

डीलियाला त्याने एवढेच सांगितले की गुण कमी पडले. व्हर्ना फेब्रुवारीत त्या आश्रमातच गेली. तिचा कोट दाराजवळच्या खुंटीवर होता. पुढच्या वर्षी एमेट गेला.

घर आवरताना डीलियाने त्याची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी एका पाकिटात मी होतो, ती चिठ्ठी होती आणि केसासारख्या चार पट्ट्या होत्या. त्याने त्या टाकल्या नव्हत्या. चिठ्ठी वाचून ती त्याच टेबलाशी बसली. एकेक पट्टी तिने माझ्या कडेला लावून पाहिली. एकही बसेना. मग ती हळूच म्हणाली, "मीच सांगितलं होतं." घरात ऐकायला कोणी नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे करू नका. ती जशी झिजली आहे तशीच राहू द्या. आणि ज्याचा तुमच्या शब्दावर विश्वास आहे, त्याला काय कमी आहे ते सांगाल, तेव्हा कशाला हात लावायचा नाही तेही सांगा. मला हे आता कळून काही उपयोग नाही. डीलियाने मला पुन्हा त्याच पाकिटात ठेवले आहे, त्या चार कडांसोबत.