हात केला की थांबणारी गाडी

जिथे जन्मलो त्याच गावात पन्नाशी गाठली की एक पंचाईत होते. नवीन म्हणून काही करायची सोयच उरत नाही. केस बारीक कापले तर "आजारी होतीस का?" नवी चप्पल घातली तर "कुठून घेतलीस? माझ्या भाच्याचं दुकान काय ओस पडलंय?" इथला दातांचा डॉक्टर माझ्या वर्गात होता आणि चौथीत मी इंजेक्शनला घाबरून बाकाखाली लपले होते हे तो अजून प्रत्येक पेशंटला सांगतो, म्हणून मी एकदा गुपचूप परगावी जाऊन दाढ काढून आले. परतीच्या बसमधून पाय खाली ठेवतेय तोवर सलूनवाल्यानं समोरून विचारलं, "ताई, वरची का खालची?"

अशा गावात मी बावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले.

हौस नव्हती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की तीन महिने आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणा, पाय आत्ता वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर काठीसारखा सरळ राहील. व्यायामाचं केंद्र तीस किलोमीटरवर. बसची पायरी आईला चढवत नव्हती. आमच्या ह्यांचं मत असं की देवानं माणसाला दोन चाकांपुरतीच अक्कल दिलेली आहे. ते सायकलवर खूष. मग माझे धाकटे दीर दुकान बंद ठेवून स्वतःच्या गाडीतून आईला नेऊ लागले. भावजी चकार शब्द बोलले नाहीत. त्रास झाला तो आईलाच. जावयाच्या भावाच्या गाडीत ती पाहुणीसारखी अंग चोरून बसायची, आणि तिसऱ्या आठवड्यात तिनं सुरू केलं, "बराय गं आता पाय. उगाच त्यांना कशाला?"

"वाकवून दाखव."

"सकाळी वाकला होता."

सकाळी कोणी बघितलं? दोन खेपा अशाच बुडाल्या. आई खुर्चीच्या कडेला टेकून पाय समोर ताणून बसायची आणि वर पदर ओढून घ्यायची, म्हणजे जणू पाय तिथे नाहीच.

गाडी घरात होती. बाबांची. राखाडी रंगाची, मागच्या डाव्या दाराला पोचा आलेली. बाबा जाऊन दोन वर्षं झाली तरी आई तिच्यावर आच्छादन घालून दर रविवारी ते झटकायची. बाबा पाणीखात्यात मीटर वाचायचे, त्यामुळे गावातलं एकूण एक दार त्यांना माहीत, आणि ही गाडी एकूण एक दाराला. "रिकामी सीट घेऊन जाणं म्हणजे भरल्या ताटावरून कुणाला उठवणं," असं म्हणायचे. कुणी हात केला की गाडी थांबलीच. गणिताच्या बाईंना दर बुधवारी वाचनालयात सोडायचे, शिंपीणबाईंच्या कापडाच्या गठ्ठ्याला तर पुढची सीट. तीस वर्षं हा प्रकार चालला. त्यामुळे ती गाडी दिसली की आमच्या गावाचा हात आपोआप वर जातो. डास चावला की जातो ना, तसा.

हे मी विसरले, आणि त्याच गाडीतून परीक्षेला गेले.

परीक्षा घेणारे साहेब बाहेरगावचे. चेहरा इस्त्री केलेला. मांडीवर फळी, फळीवर कागद. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मी सांगेन तिथेच थांबायचं. विनाकारण थांबलात की नापास. तीन संधी असतात, नंतर सहा महिने अर्ज करता येत नाही."

पहिल्या वेळी बाजाराच्या रस्त्याला लागले, आरसा बघितला, गिअर बदलला, सगळं झकास. औषधवाल्यानं हात केला. माझा पाय ब्रेकवर. मी नव्हे हो, पायच. त्यानं खिडकीतून एक पुडी आत सारली. "तुमच्या गल्लीतल्या आजोबांची. रात्रीची एकच म्हणावं, कालच्यासारख्या दोन नकोत."

साहेबांनी फळीवर फुली मारली.

दुसऱ्या वेळी मी दात ओठ खाऊन औषधवाल्यापुढून निघाले आणि चौकात शिंपीणबाईंनी हात केला. पाय पुन्हा बेइमान. मी थांबतेय न थांबतेय तोच त्या मागचं दार उघडून गठ्ठ्यासकट आत. "वळणावर सोड गं. बाबांची गाडी रस्त्यावर आली, बरं वाटलं बाई." मग पुढे वाकून साहेबांना नीट न्याहाळलं. "हे कोण? जावई बघितलास की काय? वय जरा जास्त वाटतंय."

साहेबांचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, हे त्यांनी फार शांतपणे सांगितलं. फुली मात्र जोरात मारली.

घरी येऊन मी आईला म्हटलं, "हे गाव नाही, हा फास आहे. एक दिवस, फक्त एक दिवस ह्या लोकांनी मला ओळखू नये. एवढंच मागणं आहे."

आई म्हणाली, "मग थांबू नकोस."

"तू थांबली नसतीस?"

आईनं पदर पायावर ओढला. "राहू दे ना. असा पाय घेऊनही माणसं जगतात." ते ती इतक्या सहज म्हणाली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. डॉक्टरांच्या तीन महिन्यांतले पाच आठवडे गेले होते. आता नापास झाले तर सहा महिने.

तिसऱ्या परीक्षेची तारीख मी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितली नाही. ह्यांनाही नाही. गाडीच्या मागच्या दारांना आतून कुलूप लावलं. साहेब बसले, फळी मांडीवर ठेवली, म्हणाले, "बाजारातूनच घ्या."

बाजाराच्या रस्त्याला लागले आणि मला काही सुधरेना.

औषधवाला रस्त्याकडे पाठ करून कपाटातल्या बाटल्या मोजत होता. सलूनवाला दारात उभा, दोन्ही हात मागे घट्ट बांधलेले, मान आभाळाकडे. आत खुर्चीत गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन बसलेलं, त्याचेही हात कापडाखाली. शिंपीणबाई मशीन चालवत होत्या. सुईखाली कापड नव्हतं. भाजीवाली, चाव्या बनवणारा, बँकेचा शिपाई, माझी स्वतःची आत्तेबहीण, सगळ्यांना त्याच क्षणी जमिनीवर काहीतरी सापडलं होतं. एकानं म्हणून माझ्याकडे बघितलं नाही. आख्खा बाजार मुका.

तारीख त्यांना कशी कळली ते विचारू नका. परीक्षेच्या कचेरीतला कारकून केस कापायला कुठे जातो, तेवढं सांगते.

माझं मागणं पुरं झालं होतं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा मी त्या रस्त्यानं कुणाच्याही चौकशीशिवाय गेले. बाबा गेले त्या दिवशी बाजार असाच गप्प होता.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "आज काही झालंय का गावात?"

"नाही. कामात आहेत सगळे."

"हं. डावीकडे घ्या. शाळेच्या रस्त्यानं."

शाळेचा रस्ता! तो कुणाच्या हिशेबातच नव्हता. परीक्षा बाजारातूनच जाते, हे गावानं गृहीत धरलेलं. आणि त्या रस्त्यावर राहतात गणिताच्या बाई. वय चौऱ्याऐंशी. निम्मं गाव त्यांना अजून चळचळा कापतं, त्यामुळे त्यांना काही सांगायची वेळ आली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. त्यात वार बुधवार. बगलेत वाचनालयाची पुस्तकं धरून बाई फुटपाथच्या कडेला उभ्या होत्या. राखाडी गाडी बघितली, आणि छत्रीसकट हात वर.

मी स्टिअरिंग आवळून धरलं. पायाला म्हटलं, खबरदार. आईचा गुडघा डोळ्यांसमोर आणला. आणि थांबायचं नाही असं अगदी नक्की ठरवलं, तोच बाई छत्री उंचावून सरळ रस्त्यात उतरल्या.

ब्रेक. गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी.

बाई शांतपणे वळसा घालून मागच्या दाराशी आल्या. ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. मग माझ्या काचेवर छत्रीची मूठ. टक टक टक. हीच टकटक बाकावर व्हायची आणि मागून "उत्तर कुठंय?" यायचं. मी काच चार बोटं खाली केली. तोंडातून निघालं, "बाई, परीक्षा चालू आहे!"

काय सांगू. त्या बाईंचा हात दारावरून असा सुटला की जणू चटका बसला. तोंडावर बोट गेलं. पाठ ताठ झाली. छत्तीस वर्षं वर्गावर्गातून पहारा दिलेली बाई, तिला तो एक शब्द पुरला. दोन पावलं मागे सरकल्या, आणि मग खाली वाकून पलीकडे बसलेल्या साहेबांना दबक्या आवाजात, पण दम देऊन म्हणाल्या, "तिला काही सांगायचं नाही हं. तिचं तिला सोडवू दे."

"नाही सांगत, बाई," साहेब म्हणाले. कधी म्हणाले ते त्यांनाही कळलं नसावं.

बाई चवड्यांवर रस्ता ओलांडून गेल्या. आवाज व्हायला नको म्हणून.

मी गाडी पुढे काढली. कचेरीच्या दारात आणून उभी केली. तिसरी फुली मला दिसतच होती.

"का थांबलात?" साहेबांनी विचारलं.

"रस्त्यात माणूस होतं."

"आणि दार का उघडलं नाहीत?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं."

ते लिहीत राहिले. "रस्त्यात माणूस आलं तर थांबायलाच हवं, तो नियमच आहे. दार उघडलं असतंत तर नापास." कागद माझ्या हातात दिला, उतरले, आणि खिडकीत पुन्हा वाकले. "शाळेत त्या फार मारायच्या का हो?"

"छे. नुसत्या बघायच्या."

"आमच्याही होत्या एक," म्हणाले, आणि इस्त्री पहिल्यांदा मोडली.

दुसऱ्या दिवशी आईला पुढे बसवून निघाले. तिनं सीटवर हात फिरवला, ऐसपैस टेकली, आणि पदर पायावर ओढायचा विसरली. बाजारात काय, हातांचं पीक आलं होतं. औषधवाल्याच्या दोन पुड्या, चाव्यांचा जुडगा, शिंपीणबाई अधिक गठ्ठा, शिवाय सलूनवाल्याचे सासरे, ज्यांना कुठेच जायचं नव्हतं पण फिरून यायचं होतं. मी रागावून म्हटलं, "अहो, उशीर होतोय आम्हाला!" तर मागून आवाज, "मग गप्पा काय मारतेस? चालव."

तेव्हापासून आम्ही घरून पाऊण तास आधी निघतो. आईला आता सगळं तोंडपाठ आहे, कोण कुठल्या कोपऱ्यावर उभं असेल ते. नवव्या आठवड्यात शाळेच्या रस्त्यावर बाई उभ्या होत्या, पण मागे तिळाएवढी जागा नव्हती. मी आरशात बघून कुणाला उतरवावं ह्याचा विचार करतेय, तोवर पुढचं दार उघडलं. आई खाली उतरली होती. माझा हात न धरता.

"बाई, तुम्ही पुढे बसा. मी मागे सरकून बसते."

"पाय वाकेल का तुझा?"

"वाकतो," आई म्हणाली, आणि शिंपीणबाईंना कोपरानं ढकलून, गुडघा नीट मुडपून, गठ्ठ्याशेजारी बसली.

बाई पुढे स्थिरावल्या, छत्री उभी धरली, आणि मग माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशीचं राहूनच गेलं. किती मिळाले?"

"पास झाले, बाई."

"ते दिसतंय. किती मिळाले?"