लांडगा गेल्यावर

सोनबाची लाडकी मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गरगर फिरू लागली, तेव्हा तिच्याबरोबर त्याचंही डोकं फिरलं. सहा महिन्यांतली ही पाचवी. लोणी काळभोरच्या माळावर चरणारी चाळीस मेंढरं, एवढीच त्याची इस्टेट. जमीन केव्हाच प्लॉटवाल्यांच्या घशात गेली होती. त्यात ही मेंढी पोरकी. सोनबाच्या बायकोने, मुक्ताबाईने, तिला बाटलीने दूध पाजून जगवलेलं.

पुण्याहून आलेल्या गुरांच्या डॉक्टर शालूताईंनी विचारलं, "आधीच्या चार मेंढ्यांचं काय केलंत?"

"काय करनार? कापल्या. मटान वाटलं, मुंडकी झिपऱ्याला."

झिपऱ्या त्याचा कुत्रा. मुंडकं राखणदाराचं, हा सोनबाच्या घरचा रिवाजच होता. शिवाय तीन वर्षांपूर्वी माळावरच्या लांडग्याला याच झिपऱ्याने हुसकावलं होतं.

"अहो, तिथेच चुकलं. या मेंढ्यांच्या मेंदूत जंताची पिशवी असते. कुत्र्याने ती खाल्ली, की त्याच्या पोटात जंत होतात. मग त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, आणि गवत मेंढरांच्या पोटात. हिचं दुखणं आता हाताबाहेर गेलंय. कुत्र्याला या गोळ्या द्या, आणि मुंडकं खोल पुरा."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! सोनबा गोळ्यांकडे बघतच राहिला.

"पर ताई, लांडगा बी मुंडकं खायाचाच की. तवा कसं न्हाई झालं?"

"जंत त्यालाही होतात. पण पळता न येणारी मेंढी तो आधी उचलायचा आणि लांब न्यायचा. झिपऱ्या कळपातच असतो. असं असावं, खात्रीने नाही सांगता येत."

झालं! शिकलेल्यांनाच खात्री नाही, तर सोनबाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? ज्याला जन्मभर चोर म्हटलं तो कळप राखत होता, आणि ज्याला राखणदार म्हटलं तो... पुढचा विचार त्याला करवेना. झिपऱ्या बिचारा शेपूट हलवत पायात घुटमळत होता.

"हिला कापनार असाल तर मी माहेरी जाते," मुक्ताबाई म्हणाली.

धीर सोनबालाही होत नव्हता. दिवस मावळायला त्याने झिपऱ्याला दावणीला बांधलं आणि मेंढीला माळाच्या टोकाला, लांडग्याच्या जुन्या वाटेवर नेऊन सोडलं. "ने बाबा," तो ओघळीकडे बघून म्हणाला. लांडग्याची इतकी मनधरणी कुठल्या मेंढपाळाने केली नसेल.

सकाळी जाऊन बघतो तर मेंढी तिथेच. रात्रभर फिरून फिरून तिने गवतात गोल वाट पाडली होती. त्याचा आवाज ऐकताच ती थांबायला गेली आणि अडखळून पडली. मातीत दुसऱ्या कुणाचा ठसा नव्हता.

सोनबाला रडू फुटलं. त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि घरी येऊन मुक्ताबाईकडे सुरी मागितली. कुदळही.