चुंबळीचं कापड

दुर्गाने सदऱ्याची शिवण ब्लेडने उसवली, बाह्या वेगळ्या केल्या आणि कापडाच्या लांब पट्ट्या फाडायला घेतल्या. दारात सोनूबाई कोळीण पाटी उतरवून बसली होती. पाटीखाली डोक्यावर ठेवायची तिची चुंबळ खाऱ्या पाण्याने कुजली होती. नवी चुंबळ मिळाली, की बदल्यात ती मांदेली आणि उरलेली मासळीची डोकी देणार होती.

गंगाधर आत आला आणि तसाच उभा राहिला.

"ह्यो कोणाचो सदरो?"

"उत्तमचो."

"उद्या तो इलो, तर त्येका काय सांगतलंस?"

दुर्गा नवऱ्याकडे न बघता पट्ट्यांना पीळ देत राहिली.

संपाआधी लालबागच्या त्या खोलीत तिची खाणावळ होती. उत्तमसारखे गिरणीतले कितीतरी जण पाळी सुटली की तिच्याकडे जेवायला बसत. संप लांबला तसे ते एकेक करून गावी गेले. जाताना कामावरच्या कपड्यांची बोचकी तिच्याकडे ठेवून गेले. संप मिटला की येतोच, म्हणाले. दुर्गा ती बोचकी अधूनमधून उन्हाला दाखवी आणि पुन्हा बांधून माळ्यावर ठेवी. बोचकी जागेवर आहेत तोवर माणसं परत येणार, असं गंगाधरने मनाशी धरलं होतं. तो स्वतः गिरणीत साच्यावर, कापड विणायला होता. आता रोज नाक्यावर संपवाल्यांत बसायचा.

खाणावळीतला एकटा दगडू मागे राहिला. तो साताऱ्याकडचा, आणि गावी त्याचं कोणी उरलं नव्हतं. पावसाळ्यात त्याच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि माणूस उपाशी आहे, पोटात काही सकस जाऊ दे, असं सांगितलं.

घरात रेशनच्या तांदळाशिवाय फारसं काही नव्हतं. दुर्गाने चाळीमागच्या शेवग्याचा पाला ओरबाडून आणायला सुरुवात केली. भोपळ्याच्या साली लसणीवर परतून त्यांची चटणी केली. माहेरचे मूठभर कुळीथ होते, त्यांना मोड आणून कढण केलं. डालड्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यांत मेथी पेरली. तरी दगडूला उठून बसवत नव्हतं. मग चुंबळीची ही देवघेव सोनूबाईनेच सुचवली. आधी दुर्गाचं जुनं लुगडं गेलं, मग उशांचे अभ्रे गेले. त्यानंतर तिने माळ्यावरचं पहिलं बोचकं सोडलं, ते उत्तमचं.

गंगाधर त्या दिवशी तिच्याशी बोलला नाही. पण तिरफळं घालून केलेलं मासळीच्या डोक्यांचं सार तयार झालं, तेव्हा दगडूला पाठीमागून धरून बसवलं ते त्यानेच. पुढेही तोच बसवत राहिला. दिवाळीपर्यंत दगडू आपल्या पायांनी जिना उतरू लागला.

आणि एका सकाळी तो लवकर उठून कुठेतरी गेला. दुपारी गंगाधर नाक्यावर पोचला तेव्हा चाललेलं बोलणं थांबलं. कोणीतरी हळूच सांगितलं, की संप मोडून पोलिसांच्या गाडीतून आज काही जण गिरणीत गेले, त्यांत दगडू होता. तुझ्या घरचं खाऊन गेला, एवढंच वर म्हणाला.

संध्याकाळी दगडू आला आणि नेहमीच्या जागी, दाराजवळ बसला. गंगाधर उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. दुर्गा हातात पळी घेऊन थांबली.

"वहिनी," दगडू खाली मान घालून म्हणाला, "तुमी दोघं पेज पिता आन् मला मासळी वाढता. मला दिसत न्हाई व्हय? किती दिस खाऊ तुमच्या तोंडातलं?"

दुर्गाने ताट वाढलं. दगडू भराभर जेवला, ताट घासून पालथं घातलं आणि वळकटी उचलून जिन्याखाली झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीत निघून गेल्यावर गंगाधरने पलंगाखालची ट्रंक ओढली. आपली कामावरची खाकी पँट आणि सदरा काढून झटकला. दुर्गा चुलीपाशी होती. तिने फळीवरचा त्याचा गिरणीत न्यायचा डबा उतरवला, पदराने पुसला, त्यात भाकरी दुमडून ठेवली आणि कडेला चटणी. छातीवरचं केवढं तरी ओझं उतरल्यासारखं तिला झालं.

गंगाधर जवळ आला आणि कपडे तिच्या कात्रीशेजारी ठेवले.

"कापड घट आसा," तो म्हणाला. "सोनूबायक सांग, डोकी ताजी आण म्हणान. गिरणीच्या त्या हवेत दगडूची छाती परत धरतली."

मग त्याची नजर उघड्या डब्यावर गेली. तो क्षणभर तिथेच थांबला, आणि चपला घालून नाक्याकडे निघून गेला.

दुर्गाने भाकरी काढून परत टोपलीत ठेवली. मग खाकी पँट मांडीवर ओढली, आणि कापायला कुठून सुरुवात करावी हे तिला बराच वेळ कळेना.