जबर दुखापतीचा आठवा प्रकार

"मॅडम, सरांनी डस्टर फेकून मारला आणि तो लागलाच नाही, तर गुन्हा होतो का?"

प्रश्न विचारून पूर्वा उभीच राहिली. मागून भाग्यश्रीने तिच्या ओढणीचं टोक खेचलं, म्हणजे पैज जिंकलीस, आता बस. पण पूर्वाला बसायचं नव्हतं. अख्खी नववी इकडून तिकडून कुजबुजायला लागली. हॉलच्या दाराशी गणिताचे सर हात मागे बांधून उभे होते. ते छताच्या पंख्याकडे बघू लागले.

कायद्याची माहिती द्यायला आलेल्या वकीलबाई हसल्या नाहीत. ॲडव्होकेट सुशीला रणपिसे, असं फळ्यावर त्यांचं नाव लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"लागला नाही ना? मग दुखापत नाही. पण आता आपल्याला लागणार असं तुला वाटलं, आणि वाटावं म्हणूनच सरांनी हात उगारला, तर तो हमला. हमल्याला लागावं लागत नाही." मग दाराकडे एकदा बघून म्हणाल्या, "सर नेम धरतात का नुसताच भिरकावतात, ते आधी बघावं लागेल. हेतू म्हणतात त्याला."

हॉल खदखदून हसला. सरही हसले, पण ते हसू कुणाकडून तरी उसनं आणल्यासारखं होतं.

त्यानंतर रणपिसेबाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. हमला, दुखापत, जबर दुखापत. "घरी आपण म्हणतो, मला फार लागलं. कायदा विचारतो, फार म्हणजे किती. तुमचे-आमचे शब्दच कायदा वापरतो, पण प्रत्येकाला माप लावून ठेवतो." तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतले जबर दुखापतीचे आठ प्रकार त्यांनी बोटांवर मोजले. डोळा गेला, कान गेला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, हाड मोडलं किंवा दात पडला.

"दात पडला तरी?" कुणीतरी विचारलं.

"पडला तरी. दुधाचा का अकलेचा, हे विचारत नाहीत."

आठवा प्रकार सगळ्यात लांबलचक होता. जीव धोक्यात आणणारी इजा, किंवा जिच्यामुळे माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत राहतो, नाहीतर वीस दिवस आपले नेहमीचे व्यवहार करू शकत नाही, अशी इजा. पूर्वाने वहीच्या शेवटच्या पानावर 'वीस' लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. हे तिच्या ओळखीचं होतं. हे तर त्यांच्याच बिल्डिंगमध्ये झालं होतं.

नोव्हेंबरच्या तीन तारखेला, पूर्वाच्या घरी भांडी-फरशीला येणाऱ्या कांताबाई लिफ्टने वर येत होत्या. विश्रांतवाडीतली ती सोसायटी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. लिफ्टबाहेर पितळी पाटी लावलेली होती, 'कामगारांनी जिन्याचा वापर करावा'. त्या दिवशी कांताबाईंच्या हातात पूर्वाच्या आईने मंडईतून आणवलेली दहा किलो तूरडाळीची गोणी होती, म्हणून त्यांनी पाटी मानली नाही. दुसऱ्या मजल्यावर, दूध आणायला खाली जायचं म्हणून, बिल्डिंगमध्येच राहणारा दिग्विजय लिफ्टची वाट बघत उभा होता. रात्रभर अमेरिकेशी फोनवर बोलून सकाळी झोपायला आलेला माणूस, आणि दोनदा बटण दाबूनही लिफ्ट खालीच थांबलेली. दार उघडल्यावर त्याने कांताबाईंचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. डाळ जिनाभर सांडली. कांताबाई दोन पायऱ्या खाली घसरल्या, पण हात त्याच्या मुठीतच राहिला.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. खांद्याच्या आत काहीतरी फाटलं होतं, ते फोटोत येत नाही म्हणे. चौकीतल्या हवालदाराने हाड शाबूत बघून एन.सी. लिहून घेतली, म्हणजे वहीत नोंद आणि आता घरी जा.

तास संपल्यावर पूर्वा रणपिसेबाईंच्या मागे रिक्षापर्यंत पळत गेली. त्यांनी ऐकून घेतलं. "हात अजून वर जात नाही? पंचवीस दिवस झाले? मग आठव्यात बसतं. मग एन.सी. नाही, पोलिसांना तपास करावाच लागेल. परवा अकराला बाईंना घेऊन मोठ्या माणसांपैकी कुणीतरी चौकीत या, मी येते." त्यांनी कार्ड दिलं, त्यावरचा नंबर पूर्वाने लगेच वहीतही उतरवून घेतला. घरी येईपर्यंत पूर्वाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

घरात दिग्विजय बसलेला होता. त्यात नवीन काही नव्हतं. तो आणि पूर्वाचे बाबा एकाच कंपनीत, येरवड्याला एकाच कॅबने जायचे आणि कॅबच्या आधीचा चहा आलटून पालटून एकमेकांकडे व्हायचा. लिफ्टच्या प्रकरणानंतर एक आठवडा चहा झाला नाही, मग पुन्हा सुरू झाला. "रोज तोंड बघायचंय," असं बाबा म्हणाले होते.

पूर्वाने दप्तर सोफ्यावर टाकलं. शहाण्या मुलीने आत जाऊन तोंड धुतलं असतं. पण दुपारी शंभर मुलींसमोर एका प्रश्नाने सरांना पंख्याकडे बघायला लावलेलं, ती चव अजून जिभेवर होती.

"काका, तुम्हाला एक विचारू? जबर दुखापत म्हणजे काय, माहितीये?"

"पूर्वा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आठ प्रकार असतात. हाड मोडायलाच पाहिजे असं नाही. वीस दिवस माणसाला नेहमीचं काम करता आलं नाही, तरी ती जबर. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे." हे सगळं तिने एका दमात, फळ्यासमोर उभं राहून म्हणावं तसं म्हटलं. "कांतामावशींना पंचवीस दिवस झालेत."

दिग्विजयने बशीतलं बिस्कीट उचललं होतं, ते परत ठेवलं. घाबरला, असं पूर्वाला वाटलं, आणि क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की नंतर त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"वीस दिवस," तो सावकाश म्हणाला. तो हुशार माणूस होता. अमेरिकेतल्या लोकांच्या करारातला एकेक शब्द सोलून काढायचा, हेच त्याचं काम. "कामच करता आलं नाही तर. बरोबर?"

"हो."

"वहिनी," त्याने आत आवाज दिला, "तुमच्याकडे बाई कधीपासून यायला लागली परत?"

आई हात पुसत बाहेर आली. फ्रीजच्या बाजूला दिनदर्शिका टांगलेली होती आणि तिच्यावर प्रत्येक खाड्याला लाल पेनाने फुली. आईची फुली कधी चुकायची नाही. वर्ध्याहून पुण्यात आल्यावर पहिल्याच बाईने तिला महिन्याला सहा दिवस फसवलं होतं, तेव्हापासूनचा हा नेम.

"बारा खाडे," आईने बोट फिरवत सांगितलं. "चार ते पंधरा. सोळाला आली. त्यानंतर एकही नाही."

"मग झालं की," दिग्विजय म्हणाला, आणि बिस्कीट पुन्हा उचलून चहात बुडवलं. "एवढंच लिहून द्या मला. सोळा तारखेपासून रोज कामाला येते. उद्या सकाळी न्यायला येतो."

"लिहायचं कशाला त्यात," बाबा म्हणाले, पण पायातल्या मोज्यांकडे बघत.

"खोटं लिहा म्हणतोय का मी?"

नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं. कॅबचा हॉर्न वाजला आणि दोघे उठले. पूर्वा तिथेच उभी होती. शाळेतून इतक्या हौसेने आणलेला शब्द कुणीतरी तिच्याच हातातून काढून घेतला होता, आणि ती बघत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बँकेत कामावर गेल्यावर, रात्रपाळीचे बाबा आत झोपलेले असताना, साडेनऊला बेल वाजली. कांताबाई जिना चढून आल्या होत्या. नेहमीसारख्या ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या, डावा हात मांडीवर ठेवून. उजवा हात पदराच्या झोळीत. पूर्वाने बाह्या सारल्या आणि नळ सोडला.

सोळा तारखेपासून हे असंच चाललं होतं. चौदाला आईने पूर्वालाच वस्तीत पाठवलं होतं, "सांग तिला, परवापासून नाही आली तर दुसरी बघते." पूर्वाने निरोप जसाच्या तसा पोचवला. सोळाला कांताबाई आल्या, आणि पहिलीच कढई उचलताना ती सिंकमध्ये पडली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "उठा, मी घासते," पूर्वा म्हणाली होती. तिची शाळा साडेबाराची. पहिले दोन दिवस तर तिला मजाच वाटली. कांताबाई स्टुलावरून सांगायच्या, कुकरची शिट्टी काढून धू, फरशीवर पाणी जास्त झालं, तुझी आई ओळखेल. आणि रोज जाताना एकच, "आईला बोलू नको गं."

आज पूर्वाने भांड्यांकडे तोंड करूनच सगळं सांगून टाकलं. वकीलबाई, आठवा प्रकार, वीस दिवस, दिग्विजय, दिनदर्शिका. कार्ड ओट्यावर ठेवलं. मग वळून बघितलं.

"शाळेत शिकलीस ते शाळेतच ठेवायचं होतंस," कांताबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, ते घाबरतील."

"माझ्या हातानं तुला त्याला भ्या दाखवायचं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आईनं दिलं लिहून?"

"सकाळी. सही करून."

कांताबाईंनी मान हलवली.

"काय गं त्या कायद्यात हाय? माणूस कामाच्या जागी आला म्हंजी काम झालं त्याच्यानं?"

"नाही. करता यायला पाहिजे."

"मग मी तर बसून होते."

"हे कुणाला माहीत नाही, मावशी. आपल्या दोघींनाच." पूर्वाने नळ बंद केला. "मी सांगितलं तर? की मी घासत होते म्हणून?"

"मग तुझी आई म्हनल, बसून पगार खाल्ला. अन् खरंच हाय ते." कांताबाईंनी चांगल्या हाताने झोळी नीट केली. "चार घरं होती या सोसायटीत. तिघांनी दुसऱ्या बायका लावल्या. एक तुमचंच उरलं, ते बी जाईल."

पूर्वाला वाटलं, नको सांगूस म्हणतात आता. आणि तिला आतून कुठेतरी हलकंही वाटलं. पण कांताबाई ओट्यावरच्या त्या कार्डाकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"न्हाई सांगितलंस तर काय, हाच हात घेऊन तुझ्याकडून भांडी घासून घेत बसायचं. ते बी किती दिस." त्या उठल्या. कार्ड उचलून त्यांनी कनवटीला लावलं. "त्यानं वढलं तवा मी पायऱ्यांवर पडले व्हते, अन् तो मला म्हनला, डाळ गोळा कर. सांग तू. पन समदं सांग. निम्मं सांगायला तुझी आई हाय."

रात्रीच्या जेवणाला तिघेच होते. बाबांची त्या दिवशी सुट्टी होती. आईने पोळी वाढता वाढता सांगितलं की दिग्विजय कागद घेऊन गेला, फार आभार मानत होता, आणि कांताबाईंचं पुढे काय करायचं ते महिना संपला की बघू. पूर्वाने वरणात भात कालवला आणि तसाच ठेवला.

"आई, सोळा तारखेपासून भांडी मी घासतेय. फरशीपण."

आईचा हात डब्यावर थांबला.

"काऊन?" रागावली की तिचं वर्धा बाहेर यायचं. "अन् ती काय करत होती?"

"बसायची. हात उचलत नाही तिचा. मी निरोप नेला म्हणून आली ती. नाहीतर आलीच नसती."

"म्हणजे पंधरा दिवस दोघींनी मिळून मला मूर्ख बनवलं. मी खाडे मोजत बसले, न तुम्ही आतून हसत बसल्या."

"हसलो नाही."

"फसवणूक म्हणतात याला. विचार तुझ्या वकीलबाईला, त्याची पण असेल काहीतरी व्याख्या."

"असेल. तेही विचारीन."

बाबांनी ताट किंचित पुढे सरकवलं. "पूर्वा, मला रोज त्याच्याबरोबर कॅबमध्ये बसावं लागतं. तुला कळतंय का? तुझ्या आईची सही आहे त्या कागदावर. आता तूच म्हणणार का, की तो खोटा आहे?"

"खोटा नाहीये तो."

"मग?"

"आणि तू चौदा वर्षांची," आई म्हणाली. "तुझं कोण ऐकून घेतं तिथे?"

"साक्षीला वय लागत नाही. मी संध्याकाळी वकीलबाईंना फोन करून विचारलंय."

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पूर्वाने पाण्याचा घोट घेतला. पेला खाली ठेवला.

"उद्या मी शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "अकराला कांतामावशींबरोबर चौकीत जाणार आहे. मोठं माणूस लागतं म्हणाल्यात, तर तुमच्यापैकी कुणी यायचं ते रात्रीतून ठरवा. कुणीच आलं नाही, तरी मी जाणार. आईने लिहिलंय ते खरं आहे, असं मी आधी सांगीन. मग बाकीचं."