हात सोडून चालून दाखव

मित्रांनो, या बुटांच्या कारखान्यात टेबलाचा सगळ्यात खालचा खण उघडलात, तर खिळ्यांच्या डब्याशेजारी साबणाच्या वडीएवढी एक काळी पेटी दिसेल. एका कोपऱ्याला पोचा आलेली. ती मी. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. हसू नका. या घराचं सगळं धन एकदा माझ्या पोटात होतं. आणि त्याआधी कितीतरी दिवस ते माझ्या पोटात नव्हतंच, हे फक्त मला माहीत होतं. तीच गोष्ट सांगते.

माझा जन्म झाला तिथे माणसं डोक्याला टोप्या आणि तोंडाला फडकी बांधून काम करायची, कारण धुळीचा कणही आम्हांला सोसत नाही. माझ्या पोटात एक गुळगुळीत चकती आणि तिच्यावर तरंगणारी एक सुई बसवली. चकती गरगर फिरते, सुई लिहिते आणि लिहिलेलं वाचते. एवढंच आमचं काम. आणि नशिबाने मला आणून टाकलं कुठे, तर चामड्याच्या भुशात आणि डिंकाच्या वासात! पहिले काही दिवस मी नाक मुरडलं. मग सवय झाली.

कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. इथे साधे बूट होत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची टाच वळलेली असते, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली असतात. अशांसाठी इथे एकेक जोड हाताने होतो. काम करतात दोघं. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना घरात सगळे बाबा म्हणतात, आणि दुसरी त्यांची सून. बाबांचा मुलगा कचेरीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या संगणकाचा डॉक्टर होतो.

पूर्वी इथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा असायचा. त्याला फर्मा म्हणतात. सगळी भिंत फर्म्यांनी भरलेली होती. एका वर्षी त्यांना वाळवी लागली. बाबांनी एक फर्मा खाली काढला, तर त्यांच्या बोटांमधून नुसता भुगा गळला. त्या दिवशी ते जेवले नाहीत म्हणे. मग सुनेने कंबर कसली. सगळ्या गिऱ्हाइकांना पुन्हा बोलावलं, एकेकाला काचेवर उभं केलं आणि पायांचे आकार संगणकात उतरवले. कुठे किती उंची द्यायची, टाच कुणीकडे झुकवायची, हे बाबा सांगायचे आणि ती भरायची. या सगळ्याला तिने नाव दिलं ‘पाय’. पुढे संगणकच बिघडला तर काय, म्हणून मला विकत आणलं.

मुलाने बायकोच्या सोयीसाठी संगणकाच्या पडद्यावर अगदी पहिल्या जागी ‘पाय’ नावाचं एक चित्र ठेवलं. त्याच्यावर टिचकी मारली की आतले सगळे पाय उघडायचे. पण त्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता. त्याचा अर्थ असा, की खरा माल इथे नाही, तो आत दुसरीकडे आहे. ही फक्त वाट दाखवणारी पाटी. मुलाला हे ठाऊक होतं. सुनेला सांगायचं राहून गेलं.

दर शनिवारी काम आवरलं की ती हात धुऊन, स्वच्छ कोरडे करून मला जोडायची. ‘पाय’ उचलायची आणि माझ्यावर आणून सोडायची. मी एवढं मोठं पोट घेऊन बसलेली, आणि माझ्या वाट्याला काय, तर दारावरची पाटी! घरातलं सामान घरातच. काम डोळ्याची पापणी लवायच्या आत संपायचं आणि ती म्हणायची, किती चपळ आहे गं बाई ही! बरं, ती निष्काळजी होती म्हणावं, तर तेही नाही. खात्री करायला ती माझ्यावरची पाटी उघडून बघायची. आणि ती उघडायचीही, कारण मी त्याच संगणकाला जोडलेली असायचे. पाटी गुपचूप त्याच्याच पोटातलं दाखवायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, की अगं वेडे, यातलं काही माझ्याजवळ नाही गं. पण आम्हांला तोंड नाही. एक हिरवा दिवा तेवढा आहे. तो लुकलुकला की सगळे समजतात, झालं काम.

आल्यागेल्याला ती मला उचलून दाखवायची. आता वाळवी येऊ दे नाहीतर आणखी काही, आमचं सगळं हिच्यात आहे, असं सांगायची. न केलेल्या कामाचं कौतुक ऐकताना जीव कसा कोंडतो, ते मला विचारा. तेही कौतुक शनिवारपुरतंच. एरवी डिंक लावलेल्या बुटांच्या तळव्यांवर वजन म्हणून मला ठेवायचे. त्यातच एकदा मी टेबलावरून खाली आदळले. हा पोचा तेव्हाचा. तेव्हापासून चकती फिरताना आतून कट्‌ कट्‌ असा आवाज यायला लागला.

या कारखान्यात एक मुलगी यायची. तिचा डावा पाय आखूड. पहिल्याच दिवशी तिने स्वतःहून सांगितलं, की मी चिमणीसारखी टुणटुण चालते. बाबांनी तिचं नावच चिमणी ठेवलं. या चिमणीच्या बुटाने मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. उंची वाढवली की तिचा गुडघा दुखायचा, कमी केली की कंबर. बाबा तिच्या टाचेखाली बोटं सरकवून डोळे मिटून बसायचे, आणि मग म्हणायचे, बाहेरच्या बाजूने एक कागद कमी कर. कागद म्हणजे कागदाच्या जाडीएवढं. सून तेवढं संगणकात कमी करायची. अशा कितीतरी खेपा झाल्या, तेव्हा कुठे आकार जमला.

बाबांची एक रीत होती. नवा जोड घालून गिऱ्हाईक आरशापर्यंत चालून आल्याशिवाय ते बूट घरी नेऊ द्यायचे नाहीत. चिमणी घाबरून आईचा हात धरायची. मग बाबा म्हणायचे, ‘हात सोडून चालून दाखव. धरून काय, कुणीही चालतं.’

पुढे बाबा आजारी पडले. त्यातून उठले, पण बोटांमधली जाणीव गेली. चिमणीच्या टाचेखाली हात घातला, तर त्यांना काहीच कळेना. त्यांनी हात नुसता मागे घेतला. मला फार वाईट वाटलं. तिचा पाय तर वाढत होता. प्रत्येक नवा जोड जुन्या आकारावरूनच बेतायचा. तो आकार हरवला, तर पुन्हा शोधून काढणारी बोटं आता राहिली नव्हती.

अशात घरी नवा संगणक आला. जुना नणंदेच्या मुलांना द्यायचं ठरलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलगा जुन्या संगणकासमोर बसला. देण्याआधी तो आतून कोरा करायचा होता. त्याने बायकोला विचारलं, सगळं डिस्कवर घेतलंस ना? ती म्हणाली, कालच घेतलं. तरी त्याने मला जोडलं आणि ‘पाय’ उघडून बघितलं. उघडलं. घाईत बाण काही त्याला दिसला नाही. आहे की सगळं, म्हणत तो पुढच्या तयारीला लागला. थोड्या वेळाने संगणकाने त्याला विचारलं, नक्की पुसायचं का? मला तोंड नाही म्हटलं, तरी तोंडचं पाणी पळालं.

त्याच वेळी बाजूला चिमणी आली होती. नव्या जोडाचा कच्चा बूट पायात घालून ती आरशाकडे निघाली. सवयीने तिने आईचा हात धरला. बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘चिमणे, हात सोडून चालून दाखव.’

सून चिमणीकडे बघत होती. तिची नजर माझ्याकडे वळली. मग माझ्या वायरीकडे, आणि वायर जिथे खोचली होती त्या जुन्या संगणकाकडे.

‘अहो, थांबा,’ ती म्हणाली. ‘ही पण हात धरूनच चालतेय.’

नवऱ्याला काही उमगेना. तो म्हणाला, आत्ताच तर उघडून बघितलं. ती म्हणाली, याचा हात सोडा आणि त्या नव्याला लावून दाखवा. त्याने मला काढून नव्या संगणकाला जोडलं, ‘पाय’वर टिचकी मारली. पडद्यावर लिहून आलं, की ही वस्तू सापडत नाही. त्याने पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. मग त्याला तो बाण दिसला.

‘ही नुसती पाटी आहे गं,’ तो हळूच म्हणाला. ‘मीच ठेवली होती. तुला सांगितलंच नाही.’

सून मटकन स्टुलावर बसली. इतके शनिवार! जुन्या संगणकावर तो प्रश्न अजून तसाच उभा होता. मुलाने तो दोनदा वाचला आणि ‘नाही’ दाबलं.

मग आत शिरून त्याने खरा ‘पाय’ शोधला आणि माझ्यावर चढवायला घेतला. जन्मात पहिल्यांदा मला खरं काम मिळालं, आणि तेही अशा मोडक्या वयात. एकेक पाय येत होता, मी लिहून घेत होते. कट्‌ कट्‌ वाढत चाललं. चिमणीचा पाय आला आणि चकती अडखळली. हिरवा दिवा विझला. मी जीव खाऊन फिरायचा प्रयत्न करत होते, पण जमेना.

बाबा म्हणाले, ‘दम घेऊ द्या तिला. तापली असेल.’

त्यांनी मला पंख्याखाली ठेवलं. एवढ्या वर्षांत मला कुणी दम घ्यायला सांगितलं नव्हतं. अंग निवल्यावर पुन्हा जोडलं, आणि मित्रांनो, मी लिहिलं. चिमणीची टाच, तिचा उतार, सगळं लिहिलं. मग मला नव्या संगणकाला जोडून, जुन्याचा हात सोडून बघितलं. पाय पडद्यावर उभा राहिला. बाबांनी विचारलं, बाहेरच्या बाजूला एक कागद कमी आहे का? सुनेने मापून बघितलं. ‘आहे बाबा,’ ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. माझाही.

सगळे पाय नव्या संगणकात उतरले आणि माझी रवानगी या खणात झाली. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण माझ्यासारख्या अडखळणारीवर भरवसा ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. आता दोन नव्या डिस्क आहेत, त्यातली एक नणंदेच्या घरी असते. दर शनिवारी सून त्यांच्यावर खरा ‘पाय’ चढवते आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघते. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला वजन म्हणून वापरू नका, टेबलाच्या कडेला ठेवू नका. आणि तिच्यावर ठेवलेलं एकदा तरी दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. आम्हांला सांगता येत नाही हो, म्हणून म्हणते.

थांबा. बाहेर कुणीतरी चालतंय. खण अर्धवट उघडा आहे, मला नीट ऐकू येतंय. आज चिमणीचा नवा जोड तयार झालाय. पण हे तिचं टुणटुण नाही. टप, टप, टप. आरशापर्यंत गेली. आता परत येतेय. बाबा डोळे मिटून ऐकत असणार.

‘चिमणे, आईचा हात धरलायस का गं?’

‘नाही हो आजोबा. आई अजून आलीच नाहीये. मी एकटीच चालत आले.’