डावीकडचा खांब

अन्सेल्मनं चित्राची गुंडाळी सोडली आणि ते सासऱ्याच्या नाकासमोर धरलं. म्हातारा बार्नाबे हातातला पाव खाली ठेवायलाही तयार नव्हता.

"तुमचा खांब डावीकडे ना, जावईबापू?"

"आत शिरलं की डाव्या हाताला, मामा. व्यासपीठाला लागूनच."

"मग इथं उजवीकडे कसा?"

अन्सेल्मनं पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. टेकडीवरच्या नव्या चर्चचं आतलं दृश्य होतं ते: ओळीनं उभे उंच खांब, वर घुमट, रंगीत काचांऐवजी नुसता पांढरा उजेड. व्यासपीठ मात्र उजवीकडे होतं.

त्या खांबाच्या माथ्यावरची दगडी पानं अन्सेल्मनं कोरली होती. त्यांचा त्याला अभिमान होता आणि तो लपवणं त्याला जमत नसे. पण चर्च अजून परांच्यांनी भरलेलं, परक्याला आत मज्जाव. नातवाच्या बाप्तिस्म्याला आलेला बार्नाबे उद्या पहाटेच्या गाडीनं गावी परतणार, आणि या वयात तो पुन्हा पॅरिसला कशाला येतोय? म्हणून अन्सेल्मनं सकाळीच हे चित्र विकत आणलं होतं.

बार्नाबे स्वतः पाथरवट. गावच्या जुन्या चर्चची डागडुजी करण्यात त्याची हयात गेलेली. नव्या बांधकामाचं नाव काढलं की त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होई.

"काड्यांवर घुमट उभा करतात," तो म्हणाला, "आणि त्यातली आपली काडी कुठली, हेही जावयाला ठाऊक नाही!"

"बाबा, पुरे हं." पेरिननं बाळ खांद्यावर घेतलं आणि चित्रावर बोट ठेवलं. "वरची अक्षरंसुद्धा उलटी आहेत. हे पेटीत घालून बघायचं चित्र आहे. चला पुलावर, पेटीवाल्याकडे."

पुलावरच्या पेटीवाल्यानं चित्र पाहून मान डोलावली.

"पेटीसाठी उलटंच छापतात. आत आरसा आहे, तो सुलटं करतो. या आजोबा, डोळा लावा."

बार्नाबेनं टोपी काढून भिंगाला डोळा लावला आणि तो तसाच वाकून राहिला. अन्सेल्म बाजूला उभा होता. काही विचारायची त्याची छाती होईना. पेरिननं त्याला कोपरानं ढोसलं.

"झोप लागली का हो म्हातारबांना?" मागून एक मासेवाली ओरडली. "आम्हालाही बघू द्या की!"

बार्नाबे सरळ झाला. जावयाकडे त्यानं पाहिलंही नाही. मासेवालीला त्यानं पुढं बोलावलं.

"डावीकडे बघा. व्यासपीठाजवळचा खांब. दिसला?"

"दिसला."

"त्याच्या माथ्यावरची पानं बघा. आमच्या जावयानं कोरलीत ती."

"कसली पानं? चार रेघा तर आहेत नुसत्या."

ती सरळ होऊ लागली. बार्नाबेनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा भिंगाकडे वाकवलं.

"नीट बघा, बाई. दोन हिवाळे घातलेत पोरानं त्या पानांसाठी. बोटं फुटायची थंडीनं, तरी छिन्नी सोडली नाही."

अन्सेल्मनं पेरिनकडे पाहिलं. हे त्यानं सासऱ्याला कधीच सांगितलं नव्हतं. ती बाळाचं टोपडं सारखं करत होती.